दोन टक्क्यांची शांतता

मंडळी, आज साखर कारखान्यात माझं डोकंच फिरलं.

आमच्या नेटवर्कमधली घुसखोरी पकडणाऱ्या मशीनचा प्रोसेसर सकाळी तपासला, तर वापर जेमतेम दोन टक्के! ऑपरेटर भाऊसाहेब खूश. "मॅडम, मशीन एकदम निवांत हाय!"

ऐन गळिताच्या हंगामात, वजनकाट्यापासून सगळे संगणक राबत असताना, त्या सगळ्यांची ये-जा तपासणारं हेच निवांत कसं? टेबलाखाली शिरले, मशीनची वायर चाचपत, सगळ्या संगणकांच्या वायरी जिथे जुळतात त्या हबपर्यंत गेले. वायर उपटलेली! तिच्या जागी मोठ्या साहेबांच्या नव्या संगणकाची.

"ती काढू नका, सायेब लई चिडतील."

"चिडू द्या." काढलीच. आमची लावल्यावर वापर चाळीसवर गेला, तेव्हा हायसं वाटलं.

तुमच्याकडेही सगळं शांत आहे? धोका नाही म्हणून, की राखणदाराचे डोळेच कुणी बांधलेत?