हजेरीपटाच्या क्रमाने आलेल्या देणग्या

मंगळवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दोन हजार रुपये. बोईसरच्या पोलीस ठाण्यात मी, माझे हवालदार आणि पाम गावची एक कामगार बाई, एवढेच हजर. निवडणुकीचे दिवस होते. ते प्रकरण मी विसरलेलो नाही.

बाईने टेबलावर एका राजकीय पक्षाची देणगी पावती ठेवली. त्यावर तिचंच नाव होतं.

"साहेब, मी कोनाला देनगी दिली नाय. बोनसमधून दोन हजार कापले. कापल्याचा कागद मागितला, तर सुपरवायझरनं ही पावती दिली."

"तक्रार लिहून घेऊ?"

"माजं नाव नको. उद्या गेटवरनंच परत पाठवतील. घरात कमावनारी मी एकटी हाय."

एवढ्या लहान देणगीदाराचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे कळवावं लागत नाही. रोखीने घ्यायची मर्यादाही दोन हजारच. आकडा कोणीतरी विचार करून निवडला होता.

बाईचं नाव कागदावर न आणता मी आधी चौकशी केली. कारखान्याला कामगार पुरवणाऱ्या तिच्या ठेकेदाराकडून हजेरीपट मागवला, पक्षाच्या तालुका कार्यालयातून पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती. एकशे बारा पावत्या, एकाच तारखेच्या. दोन्ही शेजारी ठेवून पट्टीने ओळ न ओळ तपासली. मग ठेकेदाराला बसवलं.

"कामगारांचं आमच्या उमेदवारावर प्रेम आहे, साहेब. स्वखुशीने दिलेत."

"स्वखुशीने? मग सगळे हजेरीपटाच्या क्रमाने कसे आले? एकही पुढे-मागे नाही."

"रांगेत उभे राहिले असतील."

"आणि हे तिघे त्या दिवशी गैरहजर. तेही रांगेत होते?"

हवालदार म्हणाले, "साहेब, प्रेमात रजा नसते."

ठेकेदार हसला नाही. त्याने पाणी मागितलं. तासाभराने सांगितलं, की पक्षाने त्याच्याकडे जवळपास सव्वादोन लाख मागितले होते. ते त्याने कामगारांवर वाटून टाकले. मग विचारलं, "पण पहिली तक्रार कोणाची?"

हेच त्याला कळू द्यायचं नव्हतं. हवालदारांना सरकारतर्फे फिर्यादी केलं आणि सगळ्या कामगारांचे जबाब घ्यायचे ठरवले. वरून फोन आला, "चार-पाच साक्षीदार पुरे." मी नकार दिला. चौघांना कामावरून काढणं सोपं असतं, शंभरांना काढलं तर कारखाना बंद पडतो. अकरा दिवस लागले. एकशे नऊ जबाब झाले. ते तीन गैरहजर गाव सोडून गेले होते. बाईचा जबाब मुद्दाम मधेच, अठ्ठावन्नावा घेतला.

या तपासाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. आपला नियम देणगीची रक्कम पाहतो, देणारा माणूस पाहत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रक्कम कितीही लहान असो, ज्याच्या नावाने घेतली त्याला पक्षाने कळवलंच पाहिजे, आणि त्याने "मी दिली नाही" म्हटलं तर ती परत केलीच पाहिजे.

बाईची नोकरी टिकली. ठेकेदाराने दोन लाख चोवीस हजार न्यायालयात भरले. आदेशानुसार एकशे नऊ जणांना प्रत्येकी दोन हजार मिळाले, म्हणजे दोन लाख अठरा हजार. तिघांचे सहा हजार न्यायालयातच राहिले. पक्षाकडून एक रुपयाही परत आला नाही. त्यांच्या हिशेबात त्या एकशे बारा देणग्या जमाच आहेत.