मामाने केलेली विद्यापीठाची चौकशी

माझा मामा पेडणे तालुक्यातल्या कोरगावला राहतो. काजूची बाग, थोडी भातशेती आणि उरलेल्या वेळात लोकांच्या सोयरिकींची चौकशी. हे काम त्याला कोणी दिलेलं नाही आणि त्याचा एक पैसाही तो घेत नाही. तरी पेडण्यात कोणाला मुलगी द्यायची असली की आधी मामाला विचारतात. तो मुलाच्या गावात जातो आणि पहिल्यांदा पोदेराला गाठतो. सायकलवरून घरोघर पाव घालणारा पोदेर सगळ्यांची दारं रोज बघतो. त्या घरी किती पाव जातात, म्हणजे खाणारी तोंडं किती, दार कोण उघडतं, आतून भांडणाचा आवाज येतो का, हे सगळं त्याच्याकडून कळतं. मग मामा सरळ त्या घरात शिरतो, पाणी मागतो आणि ते कोण आणून देतं ते बघतो. अशा चौकशीवर त्याने बरीच लग्नं जमवली आणि दोन-तीन मोडली. मोडलेल्यांचा त्याला जास्त अभिमान आहे.

गेल्या जूनमध्ये आईने त्याला फोन करून डिचोलीला आमच्या घरी बोलावून घेतलं. धाकटीसाठी, एवढंच सांगितलं. मामा नवा सदरा घालून आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मुलगो खंयचो?"

"मुलगो न्हय," आई म्हणाली. "विद्यापीठ."

धाकटी, म्हणजे माझी बहीण, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती, तीही फर्स्ट क्लासमध्ये. तिला विद्यापीठात एमएस्सी करायची होती. त्याच आठवड्यात एका औषध कंपनीने तिला लॅबमध्ये कंत्राटी नोकरी देऊ केली. प्रवेशाची शेवटची तारीख शुक्रवार आणि कंपनीला कळवायचं तेही शुक्रवारपर्यंत. धाकटी तीन दिवस नीट जेवली नव्हती. बाबांचं मत नोकरीच्या बाजूने होतं आणि आमच्या घरात बाबांचं मत म्हणजे निकाल.

बाबा वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. ते मूळचे दोडामार्गाकडचे. खाणीवर ट्रक चालवायला डिचोलीत आले, हप्ते फेडून स्वतःचा ट्रक केला आणि मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभा राहिला तो विकेपर्यंत. आता ते दुसऱ्याची मालाची गाडी चालवतात. चालून आलेल्या पगाराला नको म्हणणं त्यांच्या डोक्यातच बसत नाही.

खाणी बंद पडल्या त्याच वर्षी मी बारावी झाले होते. "पुढच्या वर्षी बघू," असं बाबा तेव्हा म्हणाले. मी बाजारातल्या कापडाच्या दुकानात लागले आणि तिथेच राहिले. कोणी विचारलं तर मला अभ्यासाची आवड नव्हतीच, असं मी सांगायचे. सात वर्षं सांगत होते, त्यामुळे चांगलं पाठ झालं होतं.

धाकटीने मामाला मोबाइलवर एक पान दाखवलं. देशभरातली विद्यापीठं ओळीने मांडली होती आणि प्रत्येकाला गुण दिले होते. फी सामान्य माणसाला परवडते का, शिकून बाहेर पडलेल्यांना पगार काय मिळतो, गरिबाघरची मुलं किती वर चढली. आमच्या विद्यापीठाला फीच्या बाबतीत चांगले गुण होते.

"फी मी भरतलंय," बाबा म्हणाले. "फीचा काय नाय. पण दोन वर्षा हिचो पगार घरात येवचो नाय, ता ह्या मोबाइलात खंय असा?"

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. त्या पानावर सगळं होतं, पण आमच्या घरचा हा खड्डा नव्हता.

मामाने चष्मा लावून ते पान वरखाली केलं. "हें कोणें बरयलां? तो कोणाच्या घरा गेल्लो?" लिहिणाऱ्याचं नाव शोधायला धाकटीने पान शेवटपर्यंत सरकवलं. "मग जाय तें आमीच वचून पळोवया," असं म्हणून त्याने चहा मागितला.

बुधवारी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि मामाला स्कूटरवर मागे बसवून निघाले. त्याला कुठलीच गाडी येत नाही, पण मागे बसून ती कशी चालवावी हे मात्र सगळं येतं. पेडण्यात पोचेपर्यंत मी त्याला दोनदा उतरवायची धमकी दिली.

पहिलं घर धारगळला, हमरस्त्याला लागून. त्या घरातली मुलगी विद्यापीठातून एमए झालेली, एका हायर सेकंडरीत शिकवते. मामाने पोदेराकडून एवढं काढून ठेवलं होतं. आम्ही अंगणात पाऊल टाकलं मात्र, त्या घरात एकच धावपळ उडाली. खुर्च्यांवरचे कपडे उचलले गेले. आतून बांगड्यांचा आणि कपबश्यांचा आवाज. पाणी आणलं ते त्या मुलीने स्वतः आणि तेवढ्या वेळात तिने ड्रेसही बदललेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेडण्यात मामा कोणाच्या दारात उभा राहिला तर त्याचा अर्थ एकच होतो. त्याने स्थळ आणलंय असं त्यांना वाटलं होतं.

मी मामाला कोपराने ढोसलं. पण त्याला आपल्या कामाची लय सापडली होती. "पगार बरो आसतलो?" त्याने विचारलं.

"बरोच आसा," मुलीची आई म्हणाली. "आणि पर्मनंट जातलीच, हें वर्स."

पर्मनंट होण्याचं हे वर्ष गेली चार वर्षं चालू आहे, असं पोदेर सांगून चुकला होता. मला राहवेना. आम्ही स्थळ घेऊन नाही, विद्यापीठाची चौकशी करायला आलोय, असं मी सांगून टाकलं. मुलीच्या आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. शंकरपाळीची बशी ती परत नेते की काय असं मला वाटलं. पण ती मुलगी मात्र मोठ्याने हसली, आमच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि जे आहे ते तिने सांगितलं. तासावर पैसे. मेची सुट्टी म्हणजे बिनपगारी. एमए होऊन लगेच घर सोन्याने मढवता येतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, असंही ती म्हणाली.

"मग फुकट गेलें म्हणपाचें?" मामाने विचारलं.

तिने शंकरपाळीची बशी आमच्याकडे सरकवली. "मला विद्यापीठात पाठवायला आमचे बाबा सहा महिने तयार नव्हते. रोज भांडण. माझ्या भावाच्या वेळी कोणी तोंडसुद्धा उघडलं नाही. त्याचा फॉर्म मीच भरला, तो आता इंजिनिअरिंगला आहे. धाकटी बहीण नर्सिंगला. त्या दोघांना वाटतं, बारावीनंतर पुढे शिकायचंच असतं. मला तसं कधी वाटलं नव्हतं."

बाहेर आल्यावर मामा बराच वेळ स्कूटरवर बसेना. "पगार खरो कोण सांगता गो," तो शेवटी म्हणाला. "सोयरीक आयली की तो वाडटा. उसने मागूक कोण आयलो की उणो जाता. त्या तुमच्या मोबाइलवाल्याक कोणतो सांगलो काय जाणा."

दुसरं घर कोरगावातच. तिथला मुलगा वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करून परत आलेला आणि काजूची कलमं तयार करून विकणारा. एवढं शिकून शेवटी मातीतच हात घातले, असं गाव त्याच्याबद्दल बोलायचं. तिथेही तीच गडबड झाली, फक्त या वेळी घरात मुलगा होता आणि मामाबरोबर मी होते.

त्याच्या आईने मला केसांपासून चपलांपर्यंत बघून घेतलं. मी बोलायच्या आत तिचा प्रश्न आला. "चेडूं कितें शिकलां?"

"बारावी," मी म्हटलं.

"आणि फुडें?"

"फुडें कांय ना."

ती बाई वाईट बोलली नाही. उलट तिने आवाज हळू केला, मामाकडे वळली आणि म्हणाली, "राग मानूं नाका, पूण आमच्या पोराक शिकिल्ली जाय."

मामाने घाईघाईने खुलासा केला, सगळे हसले, मीही हसले. तो मुलगा मातीचे हात धुऊन आला आणि अंगणात कलमांच्या पिशव्यांजवळ उभा राहून सरळ बोलला. पहिली दोन वर्षं काही सुटलं नाही, आता बरं चाललंय. त्याच्या पाठची बहीण या वर्षी विद्यापीठात आहे, तिला कोणाला काही पटवून द्यावं लागलं नाही, असंही तो म्हणाला. मामाने माझ्याकडे बघितलं. मी ऐकत होते, पण माझे कान गरम झाले होते. त्या मुलाशी लग्न करायचं माझ्या मनातही नव्हतं. तरी न मागता मिळालेला नकार इतका लागेल असं वाटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मामाने गाडी कशी चालवावी हे एकदाही सांगितलं नाही. "तुका लागलें गो?" असं मात्र त्याने विचारलं. मला काय लागायचंय, असं म्हणून मी डोळ्यांत चिलट गेल्याचं निमित्त केलं.

त्या संध्याकाळी आमच्या सोप्यावर मामाने आपला अहवाल दिला. बाबा चहा घेऊन बसले होते, आई दारात, धाकटी माझ्या बाजूला. स्थळाबद्दल सांगतो तसंच त्याने सांगितलं, घर कसं, माणसं कशी, कोण काय लपवतं.

"भावोजी, पगाराचें माका विचारूं नाका. एकलो बरो जोडटा, एकल्याक सुट्टेचे पैशे सुद्दां मेळनात. पूण हांवें दोनूय घरांनी एक पळयलें. पयलें जें गेलें ताका झगडचें पडलें. ताच्या फाटल्यान जें गेलें, ताका कोणें विचारलें सुद्दां ना. एकलें शिकलें आणि सगळें घर वयर सरलें."

मला ते पटलं. तीन दिवसांत कोणी इतकं धड बोललं नव्हतं. बाबांनी मात्र कप खाली ठेवला.

"ता खरा असतला," ते म्हणाले. "पण हिच्या फाटसून आमच्याकडे कोण असा? हीच शेंडेफळ. ही गेली म्हणान आणखी कोण जातला?"

हे मामाच्या लक्षातच आलं नव्हतं. धाकटीने मान खाली घातली आणि मला दिसलं की प्रवेश हातचा चालला.

"मी असंय ना!" मी ओरडले. तो आवाज माझा आहे हे मलाच क्षणभर कळलं नाही. "हिच्यासाठी मामा घरोघर फिरलो. माझ्या वेळेक कोण फिरला? एका माणसाक तरी इचारलात? पुढच्या वर्षी बघूया म्हणालात आणि कोणीच बघूक नाय!"

सात वर्षं मी बाबांना उलट उत्तर दिलं नव्हतं, असं नाही. भाजीवरून, टीव्हीवरून, गाडीच्या किल्लीवरून आम्ही रोजच भांडतो. पण हे आम्ही कोणी कधी बोललो नव्हतो. आई दारातून आत गेली. बाबा उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. चहा तसाच राहिला. धाकटीने माझा हात धरला आणि मला वाटलं, माझ्या तोंडाने मी तिचं वाटोळं केलं. गुरुवारी बाबा उजाडायच्या आधीच गाडीवर गेले.

शुक्रवारी सकाळी मी दुकानात जायला निघाले तर बाबा लग्नाकार्यात घालायचा शर्ट घालून उभे होते. गाडीवर जायचं सोडून. "कागद घे," ते धाकटीला म्हणाले. "साडेआठची बस चुकात." बापलेक पुढे गेली आणि मी मागे उभी राहून बघत राहिले. त्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाला पडद्याचं कापड ब्लाउजपीस म्हणून कापून दिलं आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

घरी आले तेव्हा ती दोघं नुकतीच पोचली होती. धाकटीने प्रवेशाची पावती माझ्या नाकासमोर धरली आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. आनंद झाला होता, नुसता आनंद, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

बाबा पायरीवर बसून बूट काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा पण इचारलंय."

"काय?"

"थयसर खिडकेर एक बाई होती. तिका म्हटलंय, माझी थोरली बारावी असा, सात वर्षा झाली. ती म्हणाली, वयाचा काय नाय. नोकरी करून बीए करूक येता, रविवारचे वर्ग असतत. खंय जावचा ता लिहून दिल्यान." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बारावीची मार्कशीट तेवढी होयी म्हणाली. मी तिका सांगलंय, पोरीन ती खंय टाकली ता देव जाणे, इतक्या वर्षानी आता कसली गावतली..."

"कपाटात असा," मी म्हटलं. "वरच्या खणात, आयेच्या शालूखाली, प्लास्टिकच्या पिशयेत. तीन झेरॉक्स पण असत. गेल्या महिन्यात काढलेल्यो."

धाकटी हसायला लागली. बाबा हसले नाहीत. एका पायात बूट तसाच ठेवून ते उठले आणि कपाटाकडे गेले.