गाडी उभी राहिली पाहिजे

शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्या पोरांचं जेवण एकहाती उरकणारी लॅव्हॉन सहसा गोंधळत नसे. पण त्या शनिवारी अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातली मोटरसायकलींची शर्यत संपली, तेव्हा ट्रेलरच्या मागच्या, जमिनीपर्यंत उतार करून पाडलेल्या दारावर उभी राहून ती हातातल्या गाडी बांधायच्या पट्ट्याकडे नुसती बघत होती. कुठलं टोक कुठे जातं, हेच तिला कळेना.

शर्यतीत तिचा मुलगा टीग पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. नवरा डेल त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समधून शहराच्या इस्पितळात गेला. पोराचं तोंड पांढरंफटक, बोलवत नव्हतं, तरी जाताना आईचा हात धरून तो म्हणाला होता, "गाडी नीट आण, आई. पडू देऊ नकोस." पाय मोडला त्याचं काही नाही, चिंता मोटरसायकलची!

ट्रेलर म्हणजे ट्रकमागे ओढायचं घरच, पुढे राहायची खोली आणि मागे गाडीची जागा. इतकी वर्षं डेल मागे गाडी बांधायचा आणि ती पुढे सँडविच गुंडाळायची. भिंतीपलीकडे तो काय करतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, पुढचं चाक खोबणीत घाल, गाडीचे चार पट्टे ट्रेलरच्या तळातल्या कड्यांना लाव आणि ओढ.

"किती ओढू?"

"ओढत राहा. पुरे झालं की कळतं."

"कुणाला कळतं?"

तिकडे नर्सने काहीतरी विचारलं आणि फोन बंद झाला.

तेवढ्यात शेजारच्या ट्रेलरमधला म्हातारा ऑरिन आपली घडीची खुर्ची घेऊनच आला. मागोमाग त्याची बायको मार्व्हा. ऑरिनचं म्हणणं, पुढच्या स्प्रिंगा पार खाली बसेपर्यंत आवळ. मार्व्हाचं म्हणणं, तसं केलं की स्प्रिंगांच्या नळ्यांचं सील फुटून तेल गळतं, निम्म्यावरच थांबायचं. "गेल्या वर्षी तुझंच गळलं होतं की," ती नवऱ्याला म्हणाली. शेवटी पुढचा डावा पट्टा त्याने आवळला, उजवा तिने, मागचे दोन लॅव्हॉनने. गाडी डावीकडे कलली. मग लॅव्हॉनला दिसलं, स्टँड अजून खालीच आहे. पुन्हा सगळं सोडलं, स्टँड वर केला, पुन्हा आवळलं. या वेळी कुठला पट्टा कुणी ओढला, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

डांबरी रस्ता लागल्यावर ट्रक घेऊन ती थोडं अंतर गेली आणि राहवेना म्हणून थांबली. बाजूचं दार उघडून पाहिलं, तर एक पट्टा सैल पडून लोंबत होता.

ती तशीच उभी राहिली. पुढे घाटाची वळणं होती. हात लावला नाही, तर गाडी आडवी होईल. हँडल वाकेल, टाकी चेपेल, पाय जुळला तरी निदान पुढचा मोसम पोरगा घरी बसेल. आणि दोष कुणाचा? ऑरिनचा, मार्व्हाचा, म्हणजे कुणाचाच नाही. हा विचार आपल्या मनात आला की कुणी घातला, हेही तिला समजेना. तिला आपलीच भीती वाटली.

मग तिने चारही पट्टे सोडले. गाडी खोबणीच्या आधाराने आणि तिच्या कमरेला टेकून उभी राहिली. एकटीने एकेक पट्टा लावत, दोन्ही बाजू आलटून पालटून ओढत तिने ती पुन्हा बांधली. हँडल धरून हलवलं, तर गाडीबरोबर अख्खा ट्रेलर हलला. हे बरं झालं की वाईट, हे मात्र तिला ठरवता येईना.

घाट उतरल्यावर टीगचा फोन आला, तसा तिने ट्रक कडेला घेतला. औषधाच्या गुंगीने त्याची जीभ जड झाली होती.

"उभी आहे ना?"

"उभी आहे. पण मी बांधलीय. मी सोडल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तू तर नाहीच."

तो हसला. आईने गंमत केली असं त्याला वाटलं. आपण गंमत केली का, हे लॅव्हॉनला सांगता आलं नसतं. तिने आरशात मागे पाहिलं आणि ट्रक पुन्हा रस्त्यावर घेतला.