दुसऱ्या पानावरचा आकडा

मिस्त्रीणबाईंच्या हत्यारांच्या पेटीत पेन्सिलीचे एक थोटूक असे. पेचकस, पक्कड, मीटर, काय हवे ते कुणालाही उसने मिळे. त्या थोटकाला हात लावण्याची मात्र कुणाची प्राज्ञा नव्हती. ते त्यांच्या वडिलांचे होते. वडील हयात होते, परंतु तीन वर्षांपासून त्यांनी हत्यार हाती धरले नव्हते.

एका खेळघरात वडिलांनी मिस्त्री म्हणून एकोणीस वर्षे पिनबॉलची यंत्रे सांभाळली. नाणे टाकावे, पोलादी गोळी उडवावी, दिवे लागावेत, एवढेच त्या यंत्राचे रूप खेळणाऱ्याला ठाऊक असते. नाण्यांच्या दाराआड चार बटणे असतात. ती दाबली की गुण दाखवणारा तोच पडदा यंत्राची दिनचर्या कथन करू लागतो: किती नाणी पडली, किती खेळ झाले, कितींनी धक्के मारले, कोणता स्विच मुका झाला आहे. त्यातच एक नोंद ‘दुरुस्तीच्या खेळां’ची असते. दुरुस्तीनंतर यंत्र पारखण्यासाठी मिस्त्री आतल्या बटणाने एखादा खेळ विनामूल्य सुरू करतो. तेवढे खेळ यंत्र निराळे मोजते. हे बटण कुलुपाआड असते. किल्ल्या दोन होत्या: एक मिस्त्रींकडे, दुसरी व्यवस्थापकाकडे.

व्यवस्थापक म्हणजे मालकांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. म्हणून झाडूवालीपासून सगळे त्यांना भाऊजीच म्हणत. त्या पदाला लागणारी एकमेव पात्रता त्यांना विवाहमुहूर्तावर प्राप्त झाली होती. त्यांची मित्रमंडळी रोज येई, भाऊजी आतले बटण दाबत आणि मंडळी आपल्या लाडक्या यंत्रावर एकही नाणे न टाकता खेळे. खेळ उदंड आणि नाणी तुटपुंजी, हे मालकांच्या ध्यानी आले, तेव्हा भाऊजींनी मिस्त्रींकडे बोट दाखवले.

मिस्त्री म्हणाले, “दार उघडा, यंत्रच सांगेल.” दार उघडले. पहिल्या पानावर शून्य होते, कारण भाऊजींनी ते आदल्या दिवशीच पुसले होते. “पुढचं पान दाबा,” मिस्त्री म्हणाले. दुसऱ्या पानावर यंत्राच्या जन्मापासूनची बेरीज असते आणि ती कोणत्याही बटणाने पुसत नाही. “शून्य दिसलं, पुरे,” म्हणत भाऊजींनी तत्क्षणी वीज बंद केली. मग खेळायला आलेल्या सर्वांदेखत मिस्त्रींना खिसे उलटे करायला लावले. एक रुमाल, दोन फ्यूज आणि हे थोटूक निघाले. दाराला लावलेली त्यांची किल्ली भाऊजींनी ठेवून घेतली. मिस्त्री घरी येऊन खुर्चीत बसले, ते बसलेच.

लेकीला त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. दुरुस्ती झाली की दाराच्या आतल्या कार्डावर दुसऱ्या पानाचा आकडा लिहिण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्या सकाळीही त्यांनी तो लिहिला होता. आणि यंत्राची स्मृती एका सेलवर जगते. तो चारेक वर्षे टिकेल. बंद यंत्रातून कुणी तो काढला, तर सारी साक्ष नष्ट होईल.

हीच लेक म्हणजे मिस्त्रीणबाई. ती दुसरीकडे हेच काम शिकली होती. तिने स्वतःचे दुकान थाटले, दुकानाचे कार्ड आडनावाविना छापले आणि एक त्या खेळघरात पोचेल अशी व्यवस्था केली. मग ती वाट पाहत राहिली. शेतात पेरलेल्याची वाट पाहणे सोपे. शत्रूच्या घरातल्या सेलची वाट पाहायला निराळीच तपश्चर्या लागते.

खेळघरातून फोन आला. सेल क्षीण झाल्याची सूचना पडद्यावर येत होती. तिने एकच अट घातली: “मालक समोर हवेत. कुलूप मी साक्षीदाराशिवाय उघडत नाही.”

सकाळी मालक स्टुलावर बसले होते. भाऊजी हसले, “सेल बदलायला एवढा थाट? थांबा, स्विच बंद करतो.”

“हात बाजूला, भाऊजी. मी चालू मशीनवरच बदलते.”

“अहो, शॉक बसेल!”

“बसेल ना. कुणाला, ते बघू.”

तिने नवा सेल आधी जोडला, मग जुना काढला. पडदा लुकलुकलाही नाही. नंतर भाऊजींकडून एक किल्ली घेऊन तिने नाण्यांचे दार उघडले. “काका, चष्मा लावा. भाऊजी वाचतील.”

“शून्य,” भाऊजी म्हणाले. “बघा, स्वच्छ कारभार.”

“अजून एकदा दाबा.”

भाऊजींचे बोट जागचे हलेना. मालकांनीच बटण दाबले. दुरुस्तीचे खेळ: दोन हजार सातशे सेहेचाळीस. तिने कार्डावर विजेरी धरली. शेवटची नोंद तीनशे अठराची, तारखेसकट.

“हे अक्षर...” मालक पुटपुटले.

“माझ्या वडिलांचं. त्या दिवसानंतर दोन्ही किल्ल्या कुणाकडे होत्या, काका?”

“बाहेरचे मेकॅनिक येऊन गेले की!” भाऊजी म्हणाले.

“दोनदा,” मालक म्हणाले. “बिलं मीच दिली.”

“म्हणजे एकेकानं बाराशे चौदा खेळ पारखले?” ती म्हणाली. “कष्टाळू दिसतात.”

मालकांनी चष्मा उतरवला. मग म्हणाले, “पोरी, चुकलो मी. मिस्त्रींना उद्यापासून...”

“वडिलांनी हत्यार खाली ठेवलंय आता. ते येणार नाहीत. मला खिसे हवेत.”

“कुणाचे?”

“यांचे. त्याच जागी, सगळ्यांदेखत.”

“दादा, तुमच्या बहिणीचा तरी विचार करा,” भाऊजी मालकांना म्हणाले.

“तिचाच करत आलो इतकी वर्षं,” मालक म्हणाले. “कर उलटे.”

“थांबा.” तिने सभोवार नजर फिरवली. “आता सतराच जण आहेत. त्या दिवशी तीस होते, असं ऐकलंय. तीस होऊ देत.”

ती पेटीवर बसली. दार उघडले की बोट मुडपून मोजू लागली. अठरा. एकोणीस. कुणी खेळ संपवून निघाले की तीही एक आकडा मागे येई. भाऊजी घाम पुसत उभे होते. पाणी मागायचेही त्यांना सुचले नाही. कोपऱ्यात झाडूवाली झाडू टेकून थांबली होती. मध्यान्ही तिसावा माणूस आत आला, तशी लेक पेटीवरून उठली.

रुमाल निघाला, कंगवा निघाला, दुसरी किल्ली निघाली.

“झालं समाधान?” भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले.

“नाही. डाव्या खिशाचं अस्तर राहिलं.”

तेही बाहेर आले. किल्ली मालकांनी उचलली. तिने थोटकाने वडिलांच्या नोंदीखाली आकडा नि तारीख लिहिली आणि दार लावले.

घरी वडिलांनी सगळे डोळे मिटून ऐकले. “सेल चालू मशीनवर बदललास?”

“हो.”

“माणसं किती होती?”

“तीस. मोजून.”

“एकतीस होती,” वडील म्हणाले. “मला मोजायला वेळ होता. कोपऱ्यात झाडूवाली उभी होती.”

“ती आजही होती, दादा. शेवटचा खिसा उलटा होईपर्यंत हलली नाही.”

वडिलांनी डोळे उघडले आणि थोटूक मागून घेतले.