चूळवाल्यांचा निकाल

वाइनच्या गोदामात सगळे त्यांना चूळवाले म्हणत. नव्या वाइनचा घोट तोंडात घोळवायचा, पिकदाणीत टाकायचा आणि ती किती वर्षं टिकेल ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. सत्तरी उलटली तरी मालकांनी त्यांना सोडलं नव्हतं. भीडभाड हा प्रकारच त्यांना ठाऊक नव्हता. लेकीची भाजी बिघडली तर तिच्या तोंडावर सांगायचे, आणि मग तीच दोनदा वाढून घ्यायचे. असला माणूस!

त्या आठवड्यात मात्र त्यांची कसोटी लागणार होती. नातीच्या जन्मसालची, फ्रान्समधल्या बर्गंडीची लाल वाइन आली होती. त्यातली एक पेटी पोरीसाठी ठेवायची आणि ती वीस वर्षांची झाली की उघडायची, असं लेकीने केव्हापासून मनात धरलं होतं. पहिल्याच घोटाला चेरीचा असा वास आला की चूळवाले खूश झाले. पण लाघवी वाइनवर ते लगेच भाळत नसत. अर्धी बाटली त्यांनी उघडीच ठेवली. हवेत दोन दिवस तग धरते ती पुढेही टिकते, असा त्यांचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी लेक पोरीला कडेवर घेऊन आली. चूळवाल्यांनी घोट घेतला, पुन्हा घेतला. चेरी उडून गेली होती, आंबटपणा मिळमिळीत झाला होता, तुरटपणात दम नव्हता. हो म्हणून टाकावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. वीस वर्षांनी जाब विचारायला येतंय कोण? पण पोर त्यांची मिशी ओढत होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना.

“नाही गं टिकणार. फार तर आठ वर्षं. पुढे नुसतं रंगीत पाणी.” त्यांनी पेला खाली ठेवला. “तुझ्या लेकीसाठी एवढंही जमलं नाही बघ मला.”

लेक त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“बाबा, वीस वर्षांनी ती उघडताना तुम्ही असाल का, या विचाराने मला झोप येत नव्हती. आठच ना? मग सातव्या वाढदिवसाला उघडू. आपण दोघं पिऊ, तिला नुसता वास घ्यायला शिकवा.”

चूळवाल्यांनी डोळे पुसले. नातीला मांडीवर घेतलं.

“सातव्याची वाट कशाला बघायची? पेटीत सहा बाटल्या असतात. दर वाढदिवसाला एक उघडू, येत्या वाढदिवसापासूनच.”