तारखेचा रिकामा रकाना

आमचा मेकॅनिक इरफान याने डिपस्टिक माझ्यासमोर धरली. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची ही पट्टी. तिच्या टोकाला ऑइल असं नव्हतंच, बुटाच्या पॉलिशसारखा काळा लगदा होता.

"इंजन तो गया, सर. अंदर पूरा कीचड जमा है."

टो करून आणलेल्या त्या गाडीशेजारी गायकवाड काका उभे होते. त्यांना हिंदी चांगलं समजायचं.

मी अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. म्हणजे मेकॅनिक आणि ग्राहक यांच्या मधे उभं राहून दोघांचं ऐकून घेणारा माणूस. काका बदलापूरला मांजर्लीत राहतात. कंपनीत इन्स्पेक्शनला होते, रिटायर झाल्यावर ही जुनी गाडी घेतली. बाजार, डॉक्टर, बुद्धविहार, एवढंच फिरणं. रविवारी पार्किंगमध्येच पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायचे. काकींचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. महाडजवळच्या माहेरी एकदा आपल्या गाडीने जायचं, हे त्यांचं फार दिवसांचं बोलणं. त्या सकाळी दोघं निघाले आणि कर्जतच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला. काकांनी गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं.

गाडी कमी चालली की ऑइल जास्त टिकतं, असं लोकांना वाटतं. खरं तर उलट आहे. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. आत पाण्याचा अंश साठतो, पेट्रोल मिसळतं, ऑइलचा चिखल होतो आणि तो चिखल पुढे ऑइलचीच वाट अडवतो.

"काका, मागच्या सर्व्हिसला चार वर्षं झाली. त्यानंतर ऑइल बदललंच नाहीत?"

त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून आमचं सर्व्हिस कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं. 'पुढील ऑइल चेंज : ३१,००० किमी.' अक्षर माझं. शेजारी तारखेचा रकाना रिकामा.

"मीटर तेवीस हजार चारशेवर आहे," काका म्हणाले. "तुम्ही लिहिलंत तसंच केलं. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने बदलायचं, जे आधी होईल तेव्हा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या गाड्या रोज ठाण्या-मुंबईला पळतात, त्यांचे किलोमीटर वर्षाच्या आतच भरतात. संध्याकाळी डिलिव्हरीला रांग लागते, म्हणून तारीख लिहायचं मी कधीच सोडून दिलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, आमच्या कॉलिंगच्या मुलीने काकांना दोनदा फोन केला होता. "अजून किलोमीटर बाकी आहेत," असं ते म्हणाल्याचं तिने मला सांगितलंही. मी हसलो होतो. "राहू दे गं, शिस्तीचा माणूस आहे, वेळ झाली की येईल."

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं.

"कार्डावर तुझं अक्षर आहे?"

"हो."

"मग गप बस. मॅन्युअल दाखव त्यांना. त्यात क्लिअर लिहिलंय. उगाच हरिश्चंद्र बनू नको, नोकरी जाईल."

मी मॅन्युअल नेलं. काकांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून दोनदा वाचलं.

"बरोबर आहे. मी वाचायला हवं होतं. आयुष्यभर कंपनीत लोकांनी बनवलेले पार्ट तपासून रिजेक्ट केले, आणि घरच्या गाडीचंच पुस्तक उघडलं नाही. चूक माझी. तुम्हाला उगाच बोललो, वाईट वाटून घेऊ नका."

'नाही काका, चूक माझी.' एवढंच म्हणायचं होतं. मॅनेजर काचेतून बघत होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आजही ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

काकी रिसेप्शनच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वहिनीसाठी घेतलेली साडी वरच दिसत होती. "अहो, उद्या तरी निघता येईल का?" त्यांनी विचारलं. काकांनी पिशवी आपल्या हातात घेतली.

नवीन इंजिन बसवणं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च होता. काकांनी गाडी उल्हासनगरच्या एका डीलरला आहे तशी देऊन टाकली. काकी नंतर माहेरी गेल्या की नाही, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

गाडी चालो वा न चालो, ऑइल वर्षाने बदला. हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो, अगदी ठणकावून. काका मात्र त्यांच्या बिल्डिंगमधल्या लोकांना अजून माझ्याकडेच पाठवतात. येणारा सांगतो, "गायकवाड काकांनी पाठवलंय. म्हणाले, तिथे एक सरळ माणूस आहे." मी त्याच्याकडून किल्ली घेतो आणि मान खाली घालून गाडीचा नंबर लिहायला लागतो.