रामरामाच्या वेगाला तिसरा गिअर

कारंज्याच्या एका जिनिंगवाल्या शेठकडे मी ड्रायव्हर होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. संस्थानिक मोटारी विकायला काढत होते, त्यातली एक अमेरिकन गाडी शेठनी आणली. हिला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात, हे ऐकून अख्खं कारंजं बघायला लोटलं. मला मात्र वेगळीच काळजी. सगळं गाडीच करणार, तर मला ठेवतील कशाला?

शेठला कोणीतरी सांगून ठेवलं होतं, की हिला तीन गिअर आहेत. दुसरा पडताना गाडी हलकासा हिसका द्यायची. तिसऱ्याचा हिसका काही येईना. येणार कुठून? शेठचा हुकूमच असा, की रस्त्यात जो कोणी रामराम करेल, त्याला उलटा रामराम झालाच पाहिजे, तोही नीट, हात जोडून. त्यामुळे कामरगावपर्यंत आमची गाडी बैलगाड्यांच्या मागून चालायची. तिसरा पडायला जो वेग लागतो, त्याची नि आमची कधी गाठच पडली नाही. मी हे समजावून सांगितलं, तर शेठ म्हणाले, हिचे आधीचे मालक राजेसाहेब काय रामराम घेत नसतील?

मग त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. पोरीची सोयरीक ठरवायला किन्हीराजा गावाला जायचं होतं. तोवर तिसरा पडला नाही, तर ते दुसरा ड्रायव्हर पाहणार होते. घरी बायको, लेकरं. म्हटलं, घ्या तुमचा तिसरा.

एक्सिलेटरकडून गिअरबॉक्सकडे एक सळई जाते. तिची लांबी कमीजास्त केली, की गिअर लवकर किंवा उशिरा पडतो. मी ती फिरवत फिरवत अशी आणून ठेवली, की गाडी रामरामाच्या वेगालाच तिसऱ्यात जाऊ लागली. इंजिन बिचारं धापा टाकायचं. शेठनी पेढे वाटले.

सोयरिकीच्या दिवशी गाडीत मावतील त्याहून जास्त पाहुणे कोंबले. किन्हीराजाच्या अलीकडच्या चढावर इंजिन कण्हू लागलं. मी स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी ओढून खालचा गिअर घ्यायला गेलो, तर शेठनी मागून माझं मनगटच धरलं.

"खबरदार! एवढ्या मुश्किलीनं पडला, अन् तू काहून काढून राह्यला?"

इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू करायचं तर दांडी गिअरमधून काढून न्यूट्रलला आणावी लागते, आणि ती तर शेठ हलवू देईनात. मला इतका राग आला, की वाटलं, किल्ली शेतात भिरकावून घरी चालत जावं. पण शेठ स्वतः स्टिअरिंगवर येऊन बसले आणि मी फेटेवाल्या पाहुण्यांबरोबर मागून ढकलायला लागलो.

चढ संपला तिथे मुलाकडची मंडळी सामोरी आली होती. आम्ही ढकलायचं सोडलं, तशी गाडी आपोआप थांबली. मुलाच्या बापाने कौतुकाने शेठकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या माझ्याकडे.

"गाडी तं तुमीच चालवून राह्यले. मंग हा ड्रायव्हर कायले ठेवला?"

शेठनी फेटा सारखा केला.

"ढकलाले कोणी तं लागते ना."

रात्री घरी आलो. बायकोला म्हटलं, नोकरी राहिली. कोणती, ते काही सांगितलं नाही.